व्रताच्या आड आलेला कायदा

कृत, कारित व अनुमोदित अशा तिन्ही प्रकारांनी हिंसेचा दोष लागतो, हे श्रावकास बालपणापासून ठाऊक असते. अमेरिकेतील क्वेकर हा मौन प्रार्थना व साधी राहणी मानणारा ख्रिस्ती पंथ. अठराव्या शतकात तो निराळ्या वाटेने याच जाणिवेपाशी पोहोचला आणि गुलाम बाळगणे त्याने निषिद्ध ठरविले. परंतु व्हर्जिनियात १७२३च्या कायद्यानुसार राज्यपाल व त्यांच्या मंडळाच्या संमतीवाचून गुलामास मुक्त करता येत नसे. व्रत पाळावे तर कायदा आडवा! डेलावेअरच्या वॉर्नर मिफ्लिन यांनी आधी स्वतःचे गुलाम मुक्त केले. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाच्या दारी ते गेले त्यानंतर. हा क्रम विसरण्याजोगा नव्हे. त्यांनी व त्यांच्या सहधर्मीयांनी सदस्यांची मने वळविली. १७८२ साली कायदा बदलला. मृत्युपत्राने वा लेखी दस्ताने गुलामास मुक्त करण्याची मालकास मुभा मिळाली. मुक्त केलेल्या वृद्धांच्या व अल्पवयीनांच्या पोषणाचा भार मात्र त्याच्यावरच राहिला. हजारो माणसे सुटली. गुलामगिरी तशीच उरली, आणि १८०६ साली विधिमंडळाने पाऊल मागे घेतले: यापुढे मुक्त होणाऱ्याने वर्षभरात राज्य सोडावे, अन्यथा त्याचे स्वातंत्र्य जाईल.