पत्ता बदलला, पाने हरवली
2023 मध्ये उस्मानाबादचे धाराशिव झाले, तेव्हा त्या जिल्ह्यातल्या वाशीकरांच्या पत्त्याची शेवटची ओळ बदलली. पाकिटावर जुने नाव दिसले म्हणून पोस्टमन काही ते परत धाडत नाही. वेब सर्व्हरला मात्र एवढे शहाणपण शिकवावे लागते. संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवले की अनेकदा मुखपृष्ठ झकास उघडते आणि आतली पाने 404, म्हणजे ‘पान सापडले नाही’, असे दाखवतात. फायली कुठे गेलेल्या नसतात. अपाचे या सर्व्हरवर पत्ते वळवण्याचे नियम बहुधा ‘डॉट एचटीअ‍ॅक्सेस’ फाइलीत असतात; ती वाचू देणारी ‘अलाउओव्हरराइड’ ही सेटिंग मूळचीच बंद असल्याने ती जागेवर असूनही वाचली जात नाही. एन्जिनएक्स हा दुसरा सर्व्हर तर तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. नियम त्याच्या पद्धतीने नव्याने लिहावे लागतात. विंडोजवरून लिनक्सवर आलात, तर लहान-मोठ्या रोमन अक्षरांचा फरक नडतो. आपल्या लिपीची तऱ्हा आणखी निराळी. पत्त्यात ‘वाशी’ लिहिले की सर्व्हरकडे जाताना त्याची 36 चिन्हे होतात, आणि एखाद्या नियमाने ती दुसऱ्यांदा सांकेतिक केली की पान सापडत नाही. (नवी मुंबईच्या वाशीचीही तीच 36, हा घोळ कोणताही सर्व्हर सोडवणार नाही!) चांगले पत्ते बदलत नसतात, असे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी 1998 मध्येच बजावले होते. बदलावेच लागले, तर आधी जुन्या पत्त्यांची यादी काढा, प्रत्येकाला 301 हा कायमच्या बदलाचा संकेत लावून नव्या पानाकडे वळवा आणि लॉगमधले 404 काही महिने तरी पाहत राहा. 302 लावून वेळ मारून नेऊ नका. त्याचा अर्थ बदल तात्पुरता आहे, असा होतो.