खाडाखोडीचा अधिकार

आमच्या पिढीने या वसतिगृहात लिहायला सुरुवात केली, तेव्हा निबंधाच्या वहीच्या पहिल्याच पानावर गुरुजी एक सूचना लिहून घेत : ‘खाडाखोड करू नये.’ खाडाखोडीचे गुण कापले जात. ज्यांच्या घरात अक्षर प्रथमच येत होते, अशा आम्हा मुलांच्या मनावर या सूचनेचा परिणाम फार खोल झाला. लिहिलेले बदलणे म्हणजे चूक कबूल करणे, असेच आम्ही समजत राहिलो. घरी धाडायच्या पोस्टकार्डावर नको ते वाक्य पडले, तरी ते तसेच जाऊ देत असू.

लेखन शिकवताना संगणक वापरावा की नाही, हा वाद म्हणूनच मला थोडा वेगळा दिसतो. वेग वाढतो, अक्षर सुबक दिसते, हे लाभ दुय्यम आहेत. खरा लाभ असा की, पडद्यावर वाक्य उचलून दुसरीकडे ठेवता येते, परिच्छेद गाळता येतो आणि त्याची शिक्षा होत नाही. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही डॉ. बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ची टंकलिखित प्रस्तावना पुन्हा पाहण्यासाठी जवळ मागवून घेतली होती. एवढा थोर लेखक अखेरच्या रात्रीपर्यंत आपला मजकूर तपासतो आणि आमच्या दहावीच्या मुलाला पहिला मजकूर हाच शेवटचा वाटतो!

मात्र संगणक कोणत्या रीतीने हाती द्यायचा, याला महत्त्व आहे. एस-एच-ए-एल-ए अशी रोमन अक्षरे दाबून समोर आलेल्या शब्दांतून ‘शाळा’ निवडणारा मुलगा मराठी लिहीत नाही, ओळखतो. इन्स्क्रिप्ट कळफलकाचे तसे नाही. तेथे ‘अर्क’ लिहिताना आधी र, मग पाय मोडण्याची कळ आणि त्यानंतर क. रफार क च्या डोक्यावर दिसतो. पण उच्चारात र आधी आहे, हे बोटांनाच कळते. ‘कि’ची वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, टंकताना मात्र ती क नंतर येते. ऱ्हस्व की दीर्घ, हा निर्णयही मुलालाच घ्यावा लागतो. आठ-पंधरा दिवस बोटे अडखळतात, ती अडखळू द्यावीत.

मला भीती वाटते ती तांबड्या रेषेची. एका मुलीने आईच्या मजुरीवर लिहिले होते. ‘निंदण’ आणि ‘डवरणी’ या शब्दांखाली संगणकाने रेषा ओढली. तिने दोन्ही शब्द पुसून ‘शेतकाम’ असे लिहिले. रेषा गेली, तिच्याबरोबर आईचे वाकलेले शरीर, हातातले खुरपे, तासातून चालणारे डवरे, सारेच गेले. यंत्राच्या कोशात नसलेला शब्द अशुद्ध नसतो, हे तिला सांगायला त्या वेळी शेजारी शिक्षक हवा होता. हल्ली तर मोबाइलवर विषय सांगितला की संपूर्ण निबंध तयार मिळतो. त्यात तांबडी रेषा एकही नसते, आणि गावही नसते.

माझे मत असे : पहिला मजकूर वहीत, हाताने लिहावा. दुसरा संगणकावर करावा, आणि शिक्षकाने दोन्ही शेजारी ठेवून काय बदलले, का बदलले, हे मुलाला विचारावे. पडदा खाडाखोड लपवतो, म्हणून प्रत्येक मसुदा छापून ठेवणे आवश्यक आहे. गुण द्यायचेच असतील, तर या बदलांना द्यावेत. संगणक-कक्ष केवळ प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरता उघडून हे होणार नाही; आठवड्यातील दोन संध्याकाळी तो मराठीच्या शिक्षकांच्या ताब्यात असावा.

माजी विद्यार्थी संस्थेला नवे संगणक देऊ इच्छितात, याचा आनंद आहे. त्यांना माझी एक विनंती : एखादा संगणक कमी द्या, पण एक छपाईयंत्र आणि वर्षभर पुरेल एवढा कागद अवश्य द्या. त्या मुलीची दोन्ही पाने मी जपून ठेवली आहेत. दुसऱ्या पानाच्या समासात तिने नंतर पेनाने ‘निंदण’ हा शब्द पुन्हा लिहिला आहे.