सहज मतांचा सुकाळ

आमच्या वऱ्हाडांत पावसाचा दुष्काळ पडतो, पिण्याच्या पाण्याचा पडतो, चांगल्या शिक्षकांचा तर नेहमींचाच आहे. परंतु मतांचा दुष्काळ पडल्याचें कोणाच्या ऐकिवांत नाहीं. वाशीमसारख्या मध्यम गांवीं चार शिकलेले गृहस्थ एकत्र जमले म्हणजे घटकाभरांत संगणकाच्या अंतरंगापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत सर्व प्रश्नांचा निकाल लागतो, आणि चहा निवण्यापूर्वीं मंडळी उठतात. यांत करमणुकीपलीकडे कांहीं नसतें तर आम्ही लेखणी उचललीच नसती. गप्पांना पुराव्याची अट घालणारा मनुष्य कंटाळवाणा खरा, आणि तसा लौकिक आम्हांस नको आहे. परंतु हींच मतें आतां ओसरीवरून उठून संस्थांच्या बैठकींत जाऊन बसलीं आहेत, तेथून ठराव होऊन बाहेर पडत आहेत, आणि त्यांचा भुर्दंड ज्यांना त्या बैठकींत बोलण्याचा अधिकार नाहीं अशा मुलांवर पडत आहे; म्हणून हा प्रपंच.

एका शिक्षणसंस्थेंत गेल्या वर्षीं ग्रंथालयाच्या वाट्याची रक्कम संगणकांकडे वळविण्यांत आली. संगणकास आमचा विरोध नाहीं. हा लेखही आम्ही त्यावरच लिहीत आहों. विरोध आहे तो ठरावाच्या समर्थनार्थ जीं कारणें पुढें करण्यांत आलीं त्यांना. एक सभासद म्हणाले कीं, यंत्र उत्तम असलें म्हणजे बाकीचें सर्व आपोआप होतें. दुसरे म्हणाले कीं, भाषा लहानपणीं कानांवर पडली तरच येते, पुढें पुस्तकांनीं ती येत नाहीं. तिसऱ्यांनीं इतिहासाचा दाखला दिला : इंग्रजांच्या तोफा सरस होत्या म्हणून मराठे हरले, तेव्हां हत्यार पाहा, पोथ्या काय पाहतां! ठराव एकमतानें संमत झाला. या तीन विधानांपैकीं एकही नीट टिकत नाहीं. आणि तें टिकत नाहीं हें कळण्यास जीं पुस्तकें लागतात, तीं घेण्याची रक्कमच त्या ठरावानें नाहींशी केली.

तिसऱ्या विधानापासून आरंभ करूं, कारण तें आमच्या अंगणांतलें आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजीं भोकरदनजवळ असई येथें आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून गेला, तेव्हां तोफांचें बळ मराठ्यांच्या बाजूस होतें. वेलस्लीच्या थोड्याशा तोफा आरंभींच निकामी झाल्या. शिंद्यांचे गोलंदाज जागा सोडून हलले नाहींत. कांहीं जण मेल्याचें सोंग घेऊन पडून राहिले, आणि इंग्रजी पायदळ पुढें सरकल्यावर उठून त्यांनीं त्याच तोफा पाठीमागून त्याच्यावर डागल्या. त्या एका दिवसांत इंग्रजांकडील दीड हजारांहून अधिक माणसें ठार वा जखमी झालीं. हातीं लागलेल्या तोफांपैकीं पितळी तोफांविषयीं स्वतः वेलस्लीनें, आपण पाहिलेल्यांत या सर्वांत उत्तम, असा अभिप्राय लिहून ठेवला आहे. दोन महिन्यांनीं, 29 नोव्हेंबर रोजीं, अकोल्याच्या उत्तरेस अडगांवच्या मैदानावर पुनः तेंच दृश्य : असईस न डगमगलेल्या त्याच्या तीन पलटणी आपल्या तोफांच्या माऱ्यापुढें फुटून मागें पळाल्या, आणि सेनापतीस जातीनें धांवून त्यांस सांवरावें लागलें.

मग आपण हरलों कां? शिंद्यांच्या कवायती पलटणी युरोपी अधिकाऱ्यांच्या हातीं होत्या. युद्धाचा प्रसंग येतांच, शिंद्यांची नोकरी सोडून येणाऱ्यांस इंग्रज सरकारनें पोटापाण्याची हमी दिली, आणि अनेक अधिकारी निघून गेले. असईस पायदळाचा मुख्य होता पोलमन नांवाचा एक जर्मन. शिंदे आणि भोसले दोघेही मैदान सोडून गेले, आणि त्यांचें अफाट घोडदळ बहुतेक स्वस्थ उभें राहिलें. होळकर या मोहिमेंत सामीलच झाला नाहीं. म्हणजे तोफ होती, तिच्यापाशीं मरणारा गोलंदाजही होता. नव्हता तो वरचा मेळ. 15 डिसेंबरास गाविलगड पडला, आणि 17 डिसेंबरच्या देवगांवच्या तहानें वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. आज चिखलदऱ्यास हवापालटासाठीं जाणारीं आमचीं कुटुंबें तो गड पाहतात. आणि तेथें अद्याप असलेल्या प्रचंड तोफांवर मुलांना बसवून, छायाचित्र काढून, वडील त्यांना सांगतात कीं आपल्याकडे तोफा नव्हत्या!

असें मत पुराव्याशिवाय इतकीं वर्षें जगतें, कारण तें सोयीचें आहे. हत्याराच्या माथीं खापर फोडलें कीं माणसांची झडती घ्यावी लागत नाहीं. संस्थांच्या बैठकींतही तेंच. मुलांना धड चार ओळी लिहितां येत नाहींत याचें कारण शिकविणाऱ्यांत, शिकविण्याच्या रीतींत, रिकाम्या पडलेल्या शिक्षकांच्या जागांत शोधावयाचें तर फार जणांना अवघड वाटेल. जुन्या संगणकांत शोधलें तर कोणालाच वाटत नाहीं.

संगणकाचीच कथा घ्या. दुसऱ्या महायुद्धांत ट्यूरिंग नांवाच्या गणितज्ञानें कोलोसस नांवाचें यंत्र बनवून जर्मनांची 'एनिग्मा' फोडली, असें आमच्या गांवचीं शाळकरी मुलेंही सांगतात. ट्यूरिंगची थोरवी वादातीत आहे. परंतु कोलोसस त्यानें बनविलें नाहीं, आणि एनिग्माशीं त्याचा संबंधही नव्हता. तें बनविलें टॉमी फ्लॉवर्स या टपालखात्यांतील इंजिनियरानें, आणि तें 1944 च्या फेब्रुवारींत ब्लेचली पार्क येथें कामास लागलें तें लॉरेंझ नांवाच्या निराळ्याच गुप्तलेखनयंत्राच्या संदेशांसाठीं. त्यांत दीड हजारांहून अधिक व्हॉल्व्ह होते. एवढे व्हॉल्व्ह एकत्र चालणें शक्य नाहीं, एक ना एक रोज बिघडणारच, असें तेथल्या शहाण्यांचें मत होतें. फ्लॉवर्सनें आयुष्य टेलिफोनच्या यंत्रांत घालविलें होतें. व्हॉल्व्ह बिघडतो तो बहुधा चालू-बंद करतांना, अखंड चालू ठेविल्यास टिकतो, हें त्याला अनुभवानें ठाऊक होतें. एकीकडे मत होतें, दुसरीकडे माहिती होती. आणि सुदैवानें त्या वेळीं हात माहितीचे चालले. त्याहून महत्त्वाचें असें कीं, लॉरेंझ यंत्र कसें असतें हें ब्लेचलींतील कोणी तोंवर पाहिलेंही नव्हतें. 30 ऑगस्ट 1941 रोजीं एका जर्मन तारवाल्यानें एकच लांब संदेश किरकोळ फेरफार करून त्याच किल्लीनें दोनदां पाठविला. जॉन टिल्टमन यानें तो हातानें उलगडला, आणि बिल टट या तरुण पदवीधरानें केवळ त्यावरून न पाहिलेल्या यंत्राची रचना कागदावर मांडली. कोलोसस आलें तें यानंतर. चाळीस संगणक आणून ठेविले म्हणजे त्यांतून टट निपजतील, असा आमच्या सभासदांचा हिशेब दिसतो.

हा टिल्टमन मोठा विलक्षण माणूस. 1921 पासून आठ-नऊ वर्षें त्यानें शिमल्यास काढलीं होतीं. जपानशीं युद्ध जुंपल्यावर जपानी वाचणारीं माणसें तांतडीनें हवीं झालीं, तेव्हां लंडनच्या पौर्वात्य विद्यालयानें त्यास कित्येक वर्षांची मुदत सांगितली. टिल्टमन म्हणाला, सहा महिने. फेब्रुवारी 1942 मध्यें बेडफर्ड येथें वर्ग उघडला. शिकविणारे कॅप्टन ओसवल्ड टक हे नौदलांतले निवृत्त गृहस्थ. विद्यार्थी ऑक्सफर्ड-केंब्रिजचे, बहुतेक ग्रीक-लॅटिन शिकलेले, वयानें विशी गांठलेले वा गांठणारे. सहा महिन्यांत ते शत्रूचे कागद वाचूं लागले. त्यांना टोकियोच्या बाजारांत भाजी घेतां आली असती असें आमचें म्हणणें नाहीं; तें त्यांचें कामही नव्हतें. काम नेमकें ठरलें होतें, आणि एका अवघड भाषेचें व्याकरण पचविलेलें होतें, म्हणून दुसरी जिंकतां आली. उच्चार लहानपणीं लवकर साधतात हें आम्हांस मान्य आहे. परंतु उच्चार म्हणजे भाषा नव्हे. टिळकांचें आरंभीचें शिक्षण मराठींत झालें, संस्कृत वडिलांपाशीं झालें, आणि इंग्रजी मागाहून आली. त्या इंग्रजींत त्यांनीं 1893 मध्यें 'ओरायन' आणि 1903 मध्यें 'आर्क्टिक होम इन द वेदाज' हे ग्रंथ लिहिले. तीन वर्षांच्या पोराला इंग्रजी शाळेच्या मोटारींत बसवून देणारे आणि त्यामुळें धड ना मराठी धड ना इंग्रजी अशा अवस्थेंतलीं मुलें पुढें आमच्या वर्गांत पाठविणारे पालक 'लहानपणीं न आली तर कधींच येत नाहीं' हें मत कोठून घेतात, हें आम्हांस अद्याप कळलेलें नाहीं.

दुसऱ्या टोकाचे आमचे स्नेही यावर खूष होतील, कारण त्यांचें निराळेंच मत आहे : संस्कृत ही संगणकास सर्वांत योग्य भाषा असल्याचें अमेरिकेच्या नासानें सिद्ध केलें आहे. त्यांनाही सोडतां येत नाहीं. नासाच्या संशोधनकेंद्रांत काम करणाऱ्या रिक ब्रिग्ज यांनीं 1985 मध्यें 'ए. आय. मॅगझीन'मध्यें एक लेख लिहिला, एवढें खरें. त्यांतील प्रतिपादन असें कीं, आमचे वैयाकरण वाक्यार्थ कारकसंबंधांत ज्या रीतीनें उलगडून दाखवीत, ती रीत कृत्रिम बुद्धीच्या अभ्यासकांनीं योजिलेल्या अर्थजालांशीं जुळते. भात शिजविणाऱ्या मैत्राचें वाक्य घेऊन त्यांनीं हें दाखविलें आहे. कौतुक करावें तें मैत्राच्या भाताचा एवढा सूक्ष्म विचार करणाऱ्या वैयाकरणांचें. पण तें वाचावें लागतें, आणि 'नासा म्हणते' एवढें सांगण्यास कांहींच वाचावें लागत नाहीं. या स्नेह्यांपैकीं कितींनीं आपला मुलगा संस्कृतास घातला आहे, हें विचारण्याचा उद्धटपणा आम्हीं एकदां केला. उत्तर म्हणून चहा आला.

आणि वाशिमास बसून तरी हें बोलूं नये. हें गांव म्हणजे वाकाटकांचें वत्सगुल्म. ज्या सर्वसेनानें येथें शाखा स्थापिली, त्यानें 'हरिविजय' हें काव्य प्राकृतांत रचिलें. तें आज संपूर्ण उपलब्ध नाहीं, पण संस्कृत साहित्यशास्त्रकारांनीं त्याचा आदरानें उल्लेख केला आहे. 1939 मध्यें उजेडांत आलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा वाशीम ताम्रपट पाहावा : राजाची वंशावळ संस्कृतांत, आणि गांव कोणाला दिलें, कोणत्या सवलतींसह दिलें, हा सर्व व्यवहार प्राकृतांत. दोन्ही भाषा एकाच पत्र्यावर, ज्या त्या कामास. त्या दरबारांत कोणती भाषा श्रेष्ठ यावर मतें पडलीं असतील तर तीं तांब्यावर कोरावीं असें मात्र कोणास वाटलें नाहीं.

आम्हांस कोणी म्हणेल कीं, मत बाळगण्याचा अधिकार प्रत्येकास आहे, प्राध्यापकांची परवानगी त्यास नको. खरें आहे. पण हेच गृहस्थ तुरीचा भाव चौघांच्या तोंडच्या बोलण्यावर ठरवीत नाहींत. बाजार समितींत विचारतात, कारंज्याचा भाव पाहतात, रिसोडला फोन करतात, आणि मग पोतीं हलवितात. बैल घेतांना दांत मोजतात. जेथें स्वतःच्या पैशाचा प्रश्न असतो तेथें त्यांची चौकसबुद्धि कोणा संशोधकास लाजवील अशी असते. दुसऱ्याच्या मुलांच्या ग्रंथालयाचा प्रश्न आला कीं तीच बुद्धि ओसरीवर पाय पसरते.

सदर संस्थेची पुढील बैठक लवकरच आहे असें कळतें. वळविलेली रक्कम पूर्ण नव्हे, तरी निम्मी ग्रंथालयास परत द्यावी, आणि आलेल्या संगणकांपैकीं दोन ग्रंथालयांतच ठेवून मुलांना त्यांवर वाशीम ताम्रपटाचे ठसे व त्यांचें वाचन पाहावयास मिळेल अशी सोय करावी, अशी लेखी सूचना तेथें यावी. सूचना मांडणाऱ्यानें सोबत असईच्या लढाईवरील एखादें पुस्तक न्यावें, आणि मतदानापूर्वीं तें मेजावर सर्वांच्या हातीं फिरवावें.