पाखराचे नाव काय?

आम्ही परभणीकर रान म्हणतो ते ज्वारी-कपाशीचे! खऱ्या जंगलासाठी दूरच जावे लागते. परवा मुलांना जिंतूरकडे येलदरीच्या धरणावर नेले. पाण्यावर झेपावणाऱ्या एका पाखराचे नाव कन्येने विचारले. कवितेतली पाखरे वर्गात समजावून देणारा मी मराठीचा प्राध्यापक गप्प! घरी येऊन मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ उघडला, तेव्हा उलगडले: नदीसुरय.

वाचकहो, आपली अशी फजिती टाळायची तर आधी दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) घ्या. महिन्यामहिन्याने निसर्ग पाहायला ते शिकवते. त्याला जंगल लागत नाही. मग व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ (१९७९). रानात राहून नुसते पाहावे, ऐकावे कसे, ते त्यात आहे. पुढे चितमपल्लींचे ‘रानवाटा’. वनखात्यात उभी हयात घालवलेला हा सोलापूरचा माणूस २०२५ मध्ये गेला. पण कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’ असे शब्द देऊन गेला.

शब्द गेला की पाखरूही नजरेआड होते. यंदा फराळाच्या ताटाशेजारी यांतले एक तरी पुस्तक असू द्या. पुढल्या खेपेला मुलांसमोर मान खाली जायची नाही!