टेबलावरील मालगाडी

घरातील ज्येष्ठ व्यक्ती टेबलावर पाते, गोंद आणि रंगाच्या बाटल्या मांडून बसली, की घरच्यांच्या मनात प्रथम भीती उभी राहते. दृष्टी अधू, बोटांना कंप, त्यातच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू. मग काळजीपोटीच ते सामान उचलून माळ्यावर ठेवले जाते. आज मला त्या सामानाची बाजू मांडायची आहे; आणि त्यासाठी उदाहरण घेतो मालगाडीच्या वाघिणींच्या, म्हणजे मालडब्यांच्या, लहान प्रतिकृती बनवण्याच्या छंदाचे.

पाश्चात्त्य देशांत हा छंद जुना आहे. अमेरिकेतील ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ १९३५ साली स्थापन झाली. आपल्याकडे पुण्याच्या कोथरूड भागातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय अनेक कुटुंबांनी पाहिले असेल. या छंदातील सर्वाधिक प्रचलित प्रमाण ‘एचओ’ म्हणून ओळखले जाते. त्यात प्रतिकृती मूळ वस्तूच्या ८७ पट लहान असते. कोळसा वाहणारी, वरून उघडी ‘बॉक्सएन’ वाघीण प्रत्यक्षात सुमारे १०.७ मीटर लांब असते. टेबलावर ती जेमतेम १२ सेंटिमीटर भरते.

ज्येष्ठांसाठी इंजिनापेक्षा वाघीण अधिक सोयीची. तिला मोटर नाही, विजेच्या तारा नाहीत. एका दिवशी भिंती कापाव्यात, दुसऱ्या दिवशी जोडाव्यात, तिसऱ्या दिवशी रंग द्यावा. काम कोठेही थांबवता येते. तरी त्यात विचार लागतोच. वाघीण फार हलकी झाली तर वळणावर रुळांवरून घसरते. म्हणून वर उल्लेखिलेल्या संस्थेने एक हिशेब सुचवला आहे: एचओ वाघिणीसाठी मूळ १ औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचामागे अर्धा औंस. म्हणजे ५ इंची वाघीण साडेतीन औंस, सुमारे १०० ग्रॅम असावी. हे वजन वाढवण्यासाठी शिसे वापरू नये. लोखंडी नट पुरेसे होतात.

आता कंपाविषयी. दोन्ही कोपरे टेबलावर टेकवावीत आणि वाघीण हातात न धरता लहान शिकंजात बसवावी. कडक चहा-कॉफीने, तसेच दम्याच्या काही औषधांनी कंप वाढू शकतो. ती घेतल्यानंतर काही वेळ नाजूक काम टाळावे. पार्किन्सनच्या रुग्णांनी गोळीचा परिणाम चांगला असतो ती वेळ निवडावी. माझ्याकडे येणारे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी वाघिणीवरील बारीक अक्षरे चिकटवण्याचे काम आता नातीकडून करून घेतात. गंज आणि धूळ मात्र स्वतः रंगवतात. खरा गंज कधी सरळ रेषेत चढत नाही. जवळजवळ कोरड्या कुंचल्याने तांबूस-तपकिरी रंग टेकवत जायचे असते, आणि तेथे थरथरता हात अडसर ठरत नाही.

उजेड भरपूर हवा. वयानुसार डोळ्याच्या पडद्यापर्यंत कमी प्रकाश पोहोचतो, म्हणून खोलीतील दिव्यावर न विसंबता टेबलावर स्वतंत्र दिवा ठेवावा. दर अर्ध्या तासाने उठून मान व पाय मोकळे करावेत. मधुमेहींनी कामाच्या नादात जेवणाची वेळ चुकवू नये.

पाते धारदार असावे. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि ते निसटते. कापताना धातूची पट्टी वापरावी आणि पात्याच्या वाटेत बोट नसावे. जखम झालीच, तर स्वच्छ कापडाने सलग १० मिनिटे दाबून धरावे, मध्ये उघडून पाहू नये. रक्त थांबले नाही तर डॉक्टर गाठावा. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. मधुमेहामुळे बोटे बधिर झाली असतील तर जखम कळत नाही, म्हणून काम संपल्यावर हात उजेडात तपासावेत.

झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ डोळ्यांना व श्वासनलिकेला झोंबते. खिडकी उघडी ठेवावी आणि गोंदावर वाकू नये. बोटे चिकटल्यास ओढू नयेत. कोमट साबणपाण्यात भिजवून हळूहळू सोडवावीत. दमा असणाऱ्यांनी फवाऱ्याऐवजी पाण्यात मिसळणारे रंग कुंचल्याने लावावेत. घरात लहान मूल असेल तर चाके, स्क्रू आणि विशेषतः शेवटच्या डब्याच्या दिव्यातील बटणासारखा सेल डब्यात बंद ठेवावा. असा सेल गिळल्यास दोन तासांतच अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. मुलाला तात्काळ रुग्णालयात न्यावे.

काळजीवाहकांना आणखी एक सांगणे. रोज हाताने काम करणाऱ्या माणसातील बदल लवकर लक्षात येतो. वर्षानुवर्षे जमणारा जोडणीचा क्रम गोंधळू लागला, तर स्मृतीची तपासणी करून घ्यावी. हातातील पकड एकाएकी सुटली, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर ‘थोडे झोपा, बरे वाटेल’ असे म्हणत थांबू नये. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि तेही जितके लवकर तितके चांगले.

विसराळूपणा आढळला तरी छंद थांबवण्याची घाई नको. एका ताटलीत एकाच टप्प्याचे सुटे भाग द्यावेत. कापण्याचे काम दुसऱ्या कोणी करावे, रंगवणे त्यांच्याकडे राहू द्यावे. काही साहित्य काढून घ्यावे लागेलही. पण त्याबाबत त्यांच्याशी बोलून ठरवा, त्यांच्या अपरोक्ष टेबल रिकामे करू नका.