शनिवारी रात्री साइट दाखवा

दुकानं आणि हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवता येतील, मद्य देणारी ठिकाणं मात्र त्यात नाहीत, असं राज्य सरकारनं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. तेव्हापासून आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला आहे. लोअर परळ, अंधेरीचा लिंक रोड, पुण्यातलं कोरेगाव पार्क आणि कल्याणीनगर इथे घरांचे व्यवहार करणारे आपले एजंट सदस्य एकच गोष्ट विचारताहेत. ग्राहक ताबा घेतो आणि महिन्याभरात रात्रीच्या आवाजाची तक्रार घेऊन आमच्याच ऑफिसात येतो. त्याला काय सांगायचं?

बुकिंगच्या आधी सांगायला हवं होतं, हे खरं उत्तर. पण सांगायचं तर माहिती मिळाली पाहिजे, आणि ती मिळवताना प्रामाणिक एजंटही थकतो. परमिट रूमचा एफएल-३ परवाना उत्पादन शुल्क विभागाकडे, उपाहारगृहाचा पालिकेच्या आरोग्य खात्याकडे, संगीताची परवानगी पोलिसांकडे, अग्निशमनाचा दाखला आणखी तिसरीकडे, आणि गच्चीवर शेड टाकली असेल तर फाइल इमारत प्रस्ताव विभागात. महारेराच्या पानावर मंजूर नकाशे दिसतात, बोजा दिसतो, खटले दिसतात. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आपण काढतो. यातलं काहीही प्लॉटच्या कुंपणापलीकडे जात नाही. कमला मिलमधल्या गच्चीवरच्या आगीत २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर १४ जीव गेले, त्यानंतर पालिकेनं शहरभर हातोडे चालवले. या सगळ्या परवानग्या एका नकाशावर आणून लोकांसमोर ठेवायला तेवढं कारण पुरेसं होतं.

खरा घोळ आहे तो ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी क्षेत्राला ४५ डेसिबल, व्यावसायिक क्षेत्राला ५५. मिश्र वस्तीचं काय? सक्षम प्राधिकरण तिला चारपैकी एका वर्गात घालू शकेल, एवढंच परिशिष्टाच्या तळटीपेत म्हटलं आहे. गिरण्यांच्या जमिनींवर एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना टॉवर, कॉर्पोरेट ऑफिसं आणि बार उभे राहिले. तिथे तक्रार करणाऱ्याला पहिला प्रश्न येतो, ‘तुमचं क्षेत्र कोणतं?’ तो बिचारा आपला करारनामा काढतो, समोरचा अधिकारी विकास आराखड्यावरचा रंग बघतो. मधल्या १० डेसिबलचा फरक कानाला जवळपास दुप्पट आवाजाचा असतो, आणि तो कुणी भोगायचा हे ठरवायला अधिकाऱ्यांना पंचवीस वर्षं पुरली नाहीत. शिवाय मर्यादा ‘ए’ भारित डेसिबलमध्ये मोजायची. त्या मोजणीत खालच्या पट्टीतले आवाज फार कमी धरले जातात. भिंतीतून येणारी बासची धडधड, जिच्यामुळे माणूस जागा राहतो, ती मीटरवर नीट उतरतच नाही. गस्तीची गाडी येईपर्यंत डीजे थांबलेला असतो, आणि आलेल्या हवालदाराकडे मीटर नसतो.

सरकारवर रागावून झालं. आता आपल्याकडे पाहू. रविवारी सकाळी अकराला, एसी लावून, खिडक्या बंद करून सॅम्पल फ्लॅट दाखवायचा आणि ‘डबल ग्लेझिंग आहे, काही ऐकू येत नाही’ म्हणायचं, हे आपले सदस्य आजही करतात. एकानं फोटो पाठवले आहेत. हॉलची खिडकी उत्तम, काच जाड, रबर सील घट्ट. टॉयलेटला मात्र काचेच्या पट्ट्यांची लूव्हर, ती डक्टमध्ये उघडते, आणि डक्टचं वरचं तोंड पलीकडच्या हॉटेलच्या गच्चीकडे. स्प्लिट एसीच्या पाइपचं भोक तसंच उघडं. सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमधून तर आवाज सरळ आत येतो. अशा घराची हमी कुणी कशाच्या जोरावर दिली?

रेराचं कलम १० काढून वाचा. चुकीचं चित्र उभं करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि कलम ६२ खाली दिवसाला १०,००० रुपये, घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड बसू शकतो. दंडाची भीती घालण्यासाठी हे लिहीत नाही. कर्ज काढून, आईवडिलांची ठेव मोडून घर घेतलेल्या माणसाला तान्हं मूल घेऊन रात्री दोन वाजता बाल्कनीचं दार बंद करून बसावं लागतं, आणि त्याला त्या घरात आपण नेलेलं असतं.

अशा भागातली घरं विकू नयेत असं मुळीच नाही. ऑफिस चालत दहा मिनिटांवर, रात्री उशिरा परतलं तरी रस्ता जागा, भाडेकरू लगेच मिळतो. हे हवं असणारा ग्राहक आहे, तो शोधा. पण टोकन घेण्याआधी त्याला शनिवारी रात्री बाराला त्याच मजल्यावर न्या. खिडकी उघडून दहा मिनिटं उभं करा, मग बंद करून दहा मिनिटं. बेडरूममध्ये, हॉलमध्ये नव्हे. बांधकाम चालू असेल तर समोरच्या इमारतीतल्या रहिवाशाशी बोलू द्या. काय ऐकलं ते कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि कॉपी फाइलला लावा.

आपापल्या पट्ट्यातली बार, गच्ची-रेस्टॉरंट, त्यांच्या वेळा आणि गच्ची उघडी की बंद, एवढं लिहून या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत कार्यालयात पाठवा. पत्ते तपासून यादी पुढच्या अंकापासून वॉर्डवार छापू, आणि तीच यादी क्षेत्राचा वर्ग जाहीर करण्याच्या मागणीसह पालिका आयुक्तांना देऊ. निवेदनावर नावं हवीत. सही करायला कचरणाऱ्यांनी निदान यादी तरी पाठवावी.