न फिरणारे काटे

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात घड्याळाच्या दुकानात पाच मिनिटे उभे राहून पाहा. पहिल्या दिवाळसणाचा जावई, नुकताच नोकरीला लागलेला भाचा, निवृत्त होणारा हेडक्लार्क, अशा कोणासाठी तरी घड्याळ घ्यायला आलेली मंडळी काचेच्या कपाटावर ओणवी झालेली दिसतील. त्यांचे बोलणे ऐका. "जरा भारदस्त दाखवा." "यात काय आहे? नुसते दोन काटे!" "ते तीन चकत्यांचं काढा बघू." मग एका तबकडीच्या पोटात आणखी तीन तबकड्या, बाजूला दोन बटणे आणि काचेभोवती आकड्यांचे कडे असे एक घड्याळ मखमलीवर ठेवले जाते. किंमत दोन हजारांच्या आतबाहेर असते. घेणाऱ्याला वाटते, एवढ्या पैशांत एवढे मिळाले. देणाऱ्याला वाटते, एवढ्यावर सुटलो. त्या तीन चकत्या सांगतात काय, हे घेणारा विचारीत नाही आणि देणारा आपण होऊन सांगत नाही.

मीही ते विचारले नव्हते. म्हणून आज हा लेख लिहिण्याची पाळी माझ्यावर आली आहे.

आमच्या शाळेचे शिपाई मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले. बत्तीस वर्षे त्यांनी शाळेचे टोल दिले. व्हरांड्याच्या तुळईला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे, त्यावर लोखंडी कांबीचा ठोका पडला की तास संपे. मुख्याध्यापक बदलले, अभ्यासक्रम बदलले, खिचडी आली, संगणक आला. मामांचा टोल मागेपुढे झाला नाही. त्यांच्या मनगटावर किल्लीचे एक पांढऱ्या तबकडीचे एच.एम.टी. असे. रोज सकाळी फाटक उघडण्यापूर्वी ते त्याला किल्ली देत आणि आकाशवाणीच्या बातम्यांवर ते लावून घेत. ते घड्याळ अलीकडे थकले होते. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळूरला ज्या कारखान्याचे काम सुरू झाले, ती घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. सुट्या भागांसाठी दुकाने धुंडाळावी लागत होती. तेव्हा निरोपाच्या समारंभात मामांना नवे घड्याळ द्यावे, असे आम्ही ठरवले. बावीस जणांनी शंभर शंभर रुपये काढले. खरेदीचे काम माझ्याकडे आले, कारण मी कादंबऱ्या लिहितो आणि लेखकाला सौंदर्यदृष्टी असते असा एक गैरसमज आमच्या स्टाफरूममध्ये आहे.

मी जिल्ह्याच्या गावी गेलो आणि दुकानदाराला म्हणालो, "दोन हजारांत सगळ्यात भरगच्च दिसणारं द्या." माझे शब्द मी लपवीत नाही. त्याने तीन चकत्यांचे घड्याळ दिले. समारंभात ते हातोहात फिरले आणि माझ्या निवडीची वाहवा झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या दारात उभे. घड्याळ रुमालात गुंडाळून आणले होते. म्हणाले, "गुरुजी, टायम बरोबर दावतंय. पण हे बारके काटे कालपास्नं हलले न्हाईत. मला चालवायला येत नसंल, जरा दावता का?"

मी बटणे दाबून पाहिली. ती दबेनात. किल्ली ओढली, फिरवली. मोठे काटे फिरले, छोटे जागच्या जागी. शेवटी एस.टी. स्टँडाजवळच्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने डोळ्याला भिंग लावले, मागचे झाकण काढले आणि एका मिनिटात निकाल दिला : "आतलं मशीन साधं तीन काट्यांचं आहे, गुरुजी. हे बारीक काटे वरून चिकटवलेत. बटणं नुसती बसवलीत. हे चित्र आहे."

मामांना मी सांगितले, "अहो, ते शोभेचे आहेत." मामांनी घड्याळ पुन्हा डोळ्यांजवळ नेले आणि विचारले, "शोभंचं हाय व्हय? मग त्याच्यावर आकडे कशाला?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. घड्याळ बनवणाऱ्यापाशी आणि विकणाऱ्यापाशीही ते नसावे, अशी माझी खात्री आहे.

शोभेला माझी हरकत नाही. तबकडीवर मोर काढा, वेलबुट्टी काढा, सोनेरी मुलामा द्या. मोर कोणाला वेळ सांगण्याचे वचन देत नाही. पण वर्तुळ काढून त्यात आकडे घातले आणि त्यांच्याकडे बोट दाखवणारा काटा बसवला, की ते विधान होते. 'मी काहीतरी मोजतो आहे' असे तो काटा म्हणतो. तो मोजत नसेल तर त्याला अलंकार म्हणता येणार नाही. त्याला खोटे बोलणे म्हणतात. आमच्या वर्गात गणिताच्या वहीत नुसतेच आकडे मांडून खाली उत्तराची दुहेरी रेघ ओढणारी पोरे असतात. त्यांना आम्ही शून्य देतो. कादंबरीत मी एखादा माणूस तीनशे पाने वावरवला आणि त्याच्याकडून काहीच घडले नाही, तर समीक्षक माझी सालडी काढतात. घड्याळवाल्याला मात्र आपण दोन हजार रुपये मोजून वर त्याचे आभार मानतो.

मी मॅट्रिकपुढे न गेलेला माणूस. यंत्रशास्त्राचा एवढा पाठ मला त्या दुरुस्तीवाल्याने आणि नंतरच्या वाचनाने दिला. त्यातून एवढे कळले की, छोटी तबकडी ही मुळात डौलाची वस्तूच नाही. प्रत्येक तबकडी कशाच्या तरी गरजेतून जन्मली आहे. जुन्या खिशातल्या घड्याळात मिनिटाला एक फेरा घालणारे चाक असे. त्याचा आस तबकडीतून जरा वर काढला आणि त्यावर बारीक काटा बसवला, की सहाच्या आकड्याजवळ सेकंद दिसू लागत. पॅरिसमध्ये लुई मोइने याने १८१६ साली आकाशातल्या वेधांसाठी सेकंदाचा साठावा भाग मोजणारे यंत्र पुरे केले. त्याच शहरात १८२१ साली निकोला रियुसेक याने घोड्यांच्या शर्यतीत आपले यंत्र चालवून दाखवले. ते तबकडीवर शाईचा ठिपका टाकून वेळ नोंदवीत असे. क्रोनोग्राफ या शब्दाचा अर्थच काळ लिहिणारा. पुढे हे यंत्र मनगटावर आले. वरचे बटण दाबले की मधला मोठा काटा धावू लागतो, पुन्हा दाबले की थांबतो, खालचे दाबले की बाराच्या आकड्यावर परततो. आणि त्याने किती मिनिटे घेतली हे छोटी तबकडी लक्षात ठेवते. काचेभोवतीच्या कड्यावरचे उतरते आकडे वेगासाठी असतात. एक किलोमीटर अंतर पंचेचाळीस सेकंदांत कापले, तर काटा ८० वर थांबतो; म्हणजे वेग ताशी ८० किलोमीटर. ३६०० ला ४५ ने भागा, आमच्या सहावीतल्या मुलालाही हे येईल.

एप्रिल १९७० मध्ये अपोलो-१३ हे यान चंद्राच्या वाटेवर स्फोट होऊन पंगू झाले. परतीची दिशा सुधारण्यासाठी इंजिन चौदा सेकंद चालवायचे होते, आणि ती चौदा सेकंदे अंतराळवीराने मनगटावरच्या घड्याळाने मोजली. त्या घड्याळालाही तीन छोट्या तबकड्या होत्या. ज्या मुखवट्याची नक्कल करून आपल्याला घड्याळे विकली जातात, त्या मुखवट्यामागे हा इतिहास आहे.

आता माझ्यावर येणारे आक्षेप मी आधीच घेऊन टाकतो.

पहिला आक्षेप : हल्ली वेळ मोबाइलमध्ये पाहतात, घड्याळ हा दागिनाच झाला आहे, मग काटा फिरला काय अन् न फिरला काय? ठीक आहे, दागिना म्हणू. बेंटेक्सच्या बांगड्या आपल्याकडे सर्रास घालतात आणि त्यात काही वावगे नाही, कारण दुकानदार त्या सोन्याच्या म्हणून विकीत नाही. चिकटवलेल्या काट्यांचे घड्याळ 'हे काटे चिकटवलेले आहेत' असे सांगून विका, माझे भांडण मिटले. एकही दुकानदार तसे सांगत असेल, तर मला दाखवा.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे : ज्याची ऐपत दोन हजारांची, त्याने हौस करू नये काय? लाखाच्या घड्याळाचा थाट त्याला थोडक्यात मिळत असेल, तर मास्तरांच्या पोटात का दुखते? मी स्वतः दोन हजारांचेच गिऱ्हाईक आहे, म्हणून दुखते. पैसेवाल्याच्या घड्याळातले बारीक काटे फिरतात आणि आपल्या घड्याळात त्यांचे चित्र असते, ही व्यवस्था आपल्या हौसेचा मान राखणारी नाही. 'याला काय कळतंय' असे मनाशी म्हणून कोणीतरी ते काटे चिकटवले आहेत. आणि फसवणुकीची खरी झळ कोणाला लागली, हे पाहा. बत्तीस वर्षे खरी वेळ देणारा माणूस रुमालात घड्याळ गुंडाळून आला आणि म्हणाला, मलाच चालवायला येत नसेल. लबाडी घड्याळाची आणि अडाणीपण मामांनी आपल्या पदरात घेतले. मला राग आहे तो याचा.

स्वस्त घड्याळाला असा मुखवटा चढवण्याची गरजही नाही, कारण त्याचे पोट शुद्ध आहे. सेलवर चालणाऱ्या घड्याळात गारगोटीच्या जातीचा एक बारीक स्फटिक असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा करीत गेले की एक उरतो, तोच आपला सेकंद. स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ सेको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानात विक्रीला आणले, तेव्हा त्याची किंमत एका छोट्या मोटारीएवढी होती. आज तेच तत्त्व काहीशे रुपयांच्या घड्याळात आहे आणि वेळेच्या बाबतीत ते लाखांच्या किल्लीच्या घड्याळाला मागे टाकते. एवढी कर्तबगारी अंगी असलेल्याने खोटी पदके छातीवर का लावावीत?

तिसरा आक्षेप दुकानदारांचा : गिऱ्हाईक मागते ते आम्ही ठेवतो. हा आक्षेप मला निरुत्तर करतो, कारण 'भरगच्च दिसणारं द्या' हे वाक्य माझेच होते. आपण काय सांगते हे न विचारता कसे दिसते एवढेच विचारतो, तोवर चिकटवलेले काटे खपतच राहणार. म्हणून गिऱ्हाइकाने निदान एवढे करावे.

दुकानात उभे असतानाच प्रत्येक छोट्या काट्याकडे बोट दाखवून विचारावे, "हा काय सांगतो?" वार सांगतो, तारीख सांगतो, दिवस आहे की रात्र हे चोवीस तासांच्या आकड्यांवर सांगतो, असे उत्तर आले तर ते काटे फिरवून दाखवायला लावावे. हा चोवीस तासांचा काटा बहुतेक मोठ्या तासकाट्याला बांधलेला असतो, नवे काही सांगत नाही. पण जे सांगतो ते खरे सांगतो, आणि माझी त्याच्याविषयी तक्रार नाही. बटणे असतील तर ती दाबून पाहावीत. मधला काटा धावला पाहिजे, थांबला पाहिजे आणि बरोबर बाराच्या रेघेवर परतला पाहिजे. अशा घड्याळात मधला काटा एरवी उभाच असतो आणि चालू सेकंद छोट्या तबकडीत असतात. तेव्हा ते बंद पडले म्हणून घाबरू नये. बटण दबत नसेल, काटा हलत नसेल, तर घड्याळ परत मखमलीवर ठेवून दुकानाची पायरी उतरावी. आणि समारंभाला घालण्यासाठी घ्यायचे असेल, तर जाडीही पाहावी. सदऱ्याच्या बाहीखाली सहज सरकेल ते घड्याळ अंगावर शोभते.

दुकानदाराने माझे घड्याळ परत घेतले नाही. "वेळ बरोबर दाखवतंय ना?" हा त्याचा युक्तिवाद होता. मी पदरचे पैसे घालून त्याच किमतीच्या आत दुसरे घेतले. पांढरी तबकडी, दोन काटे आणि सहाच्या आकड्याजवळ एकच छोटी तबकडी, सेकंदाची. ते मामांना दिले. त्यांनी त्या बारीक काट्याचा एक पुरा फेरा होईपर्यंत त्याच्यावरची नजर काढली नाही. मग म्हणाले, "ह्यो काम करतोय." आणि मनगटाला बांधले.

पहिले घड्याळ माझ्या टेबलाच्या खणात आहे. सातवीच्या वर्गात मी ते मुलांपुढे फिरवतो आणि विचारतो, यातले कोणते काटे खरे बोलतात? मुले दोन मिनिटांत ओळखतात. आपण मोठी माणसे मात्र दिवाळसणाला, साखरपुड्याला, निरोपाच्या समारंभाला ती विकत घेऊन आपल्याच माणसांच्या मनगटावर बांधीत आहोत. या दिवाळीत आपण दुकानात जाल तेव्हा निदान मामांचा प्रश्न बरोबर न्या. शोभेचे आहे, तर त्यावर आकडे कशाला?